आमच्या नऊ नंबरचं माहेर

परवा नवरा टीव्हीवर फुटबॉल बघत होता. मॅच संपली आणि कोट घातलेली तीन माणसं हिंदीतून वाद घालायला लागली. एवढे मोठे क्लब, एवढी मोठी मैदानं, तरी यांना आपले हुकमी खेळाडू टिकवता का येत नाहीत, असा विषय होता. एक म्हणाला, पलीकडचा क्लब जास्त पैसे देतो. दुसरा म्हणाला, खेळाडूला आणखी मोठ्या स्पर्धेत खेळायचं असतं. तिसरा म्हणाला, करार संपत आला की मन उडतं. मी दारात बसून तुरीची डाळ निवडत होते. मला हसू आवरेना.

"काहून हसून राहिली?" नवऱ्यानं विचारलं.

"ह्या तिघांयला म्हणावं, वैशाखात आमच्या गावात या," मी म्हणाले. "एका महिन्यात तीन खेळाडू जातात. अन् वरून पंगत बी आमीच वाढतो."

नवरा हसला नाही. जाणाऱ्या खेळाडूंच्या पंगतीत जिलेबी वाढून वाढून त्याचाही हात दुखलेला आहे.

आमचं गाव कुरुंद्यापासून जवळ, हळदीचं. मी गावात पिठाची गिरणी चालवते आणि गावच्या पोरींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. गोलकीपर म्हणजे बॉलमध्ये हवा भरणं, बांबूचे गोल उभे करणं, कुणाच्या आईची समजूत काढणं, कुणाच्या चुलत्याशी भांडणं, हे सगळं त्यात आलं. मी शाळेत असताना एक गुरुजी बदली होऊन आले. येताना त्यांनी एक बॉल आणला. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि बॉल आमच्याकडे राहिला. गुरुजी हा आमच्या हातून गेलेला पहिला मोठा माणूस. त्यांच्यासाठी आम्ही वेशीपर्यंत रडत गेलो होतो. पुढे एवढे लोक गेले, की प्रत्येक वेळी रडत बसलो असतो तर खेळायला वेळच उरला नसता.

पोरी जायच्या त्या लग्न होऊन. आमचं अर्धंअधिक गाव एका भावकीचं, त्यामुळे गावातल्या गावात सोयरीक जमत नाही. पोरगी धावायला लागली, बॉल पायात ठेवायला शिकली, जरा ऐन भरात आली, की कुठल्यातरी गावाहून पाहुणे येऊन चहा पिऊन जात. मग ती गेली. एक परभणीकडे गेली, एक औंढ्याला, आणि आमची सगळ्यात भक्कम बचाव करणारी थेट पुण्याला, नवऱ्याच्या कंपनीमागे. मी तेवढी टिकले. माझे वडील त्यांच्या आजोळी राहायला आलेले, म्हणजे आम्ही त्या भावकीबाहेरचे, म्हणून माझं जमलं गावातच, दोन गल्ल्या सोडून. त्यात माझ्या खेळाची काही करामत नाही. मला बाहेरगावाहून कोणी मागायलाच आलं नाही, हे मी सरळ सांगते.

तर ही नऊ नंबर.

तिला सगळे नऊ नंबरच म्हणायचे. तिच्या पाठीवर तो आकडा मीच कापून शिवला होता, आणि शिवताना शेपटी जरा वाकडी गेली होती. दिसायला काटकुळी, बोलायला कमी. पण आमच्या गायरानातल्या काळ्या चिखलात, जिथं बाकीच्यांचे पाय रुतायचे, तिथं ही बॉल घेऊन अशी निघायची की बघणारा हातातली तंबाखू मळायची विसरायचा. ती होती तोवर आम्ही कुणाला भीत नव्हतो. आणि तिला आम्ही घालवली, ती माझ्या तोंडामुळे.

आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर एक गाव आहे. त्यांच्याकडेही पोरींचा संघ. दर वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्यांची आमची मॅच होते. पंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, तळायचं नाही, जमिनीला धक्का लावायचा नाही, म्हणून दुसरा दिवस. त्या दिवशी गावागावातल्या लेकी माहेरी आलेल्या असतात आणि त्याच खेळतात. सुना त्या वेळी चुलीपाशी. बक्षीस म्हणजे एक पितळी घागर. जिंकलेल्या संघाच्या गोलकीपरनं ती डोक्यावर घेऊन मारुतीपर्यंत जायचं, अशी पद्धत पडून गेली आहे.

त्या वर्षी मॅच त्यांच्या गावात होती. नऊ नंबरनं तीन गोल मारले. मी घागर उचलायला वाकले तेवढ्यात एक बाई जवळ आल्या. ठसठशीत कुंकू, आवाज मोठा. म्हणाल्या, "ही नऊ नंबरची पोरगी कोणाची व्हो?"

घागर जिंकलेली होती. मला कोण थांबवणार? मी सुरूच झाले. पोरगी पदवीला आहे, स्वभावानं गरीब आहे, कष्टाला वाघीण आहे, वडलांना एकटीच आहे, सकाळी उठून हळदीच्या वाफ्यात राबते आणि मग खेळायला येते. त्या बाई मान डोलावत होत्या. मला वाटलं, खेळाची पारख आहे बाईंना. आठ दिवसांनी त्याच बाई नवरा, दीर आणि एक लग्नाचा मुलगा घेऊन नऊ नंबरच्या दारात चहा प्यायला बसल्या होत्या.

माझा खेळाडू मीच नेऊन दाखवला, मीच वाखाणला, आणि स्थळ चांगलं होतं म्हणून नाही म्हणायलाही तोंड उरलं नाही. वैशाखात लग्न झालं. मी पंगतीत वाढप केलं. तिनं जाताना माझ्या गळ्यात पडून विचारलं, "अक्का, माझा नंबर कुणाला देशाल?"

"कुणालाच न्हाई," मी म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

पहिल्या पंचमीला ती माहेरी आली, पण नवी नवरी म्हणून तिला कुणी मैदानात उतरू दिलं नाही. हिरव्या चुड्यानं बांधाशी बसून तिनं आमची हार पाहिली. घागर गेली. पुढच्या वर्षी आषाढात गिरणीवर दळण घेऊन आलेल्या एका बाईनं सांगितलं, की त्या गावात नऊ नंबर रोज संध्याकाळी पोरींना खेळवते. सासू स्वतः बांधावर बसून शिट्टी फुंकते. आणि यंदा ती सासरच्या संघातून खेळणार. सून करीच्या मॅचला उतरणार, हे ऐकूनच माझ्या गिरणीचा पट्टा घसरला. म्हणजे तो तसाही घसरतो, पण त्या दिवशी मी त्याला दोन शिव्या जास्त दिल्या.

राग घागरीचा नव्हता. पोरी जातात, संसाराला लागतात, खेळ सुटतो, हे मी पचवलं होतं. पण आमची पोरगी आमच्याच समोर उभी राहून आमच्यावर गोल मारणार, म्हणजे ती आता आमची राहिली नाही, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं. मी ठरवलं, तिला पंचमीला आणायचं. तिला भाऊ नाही, वडलांचा गुडघा कामातून गेलेला. लेकीला सासरहून आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळी म्हणून कुणी बाई गेल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही. मी नवऱ्याला मोटारसायकल काढायला लावली. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि तिची जर्सी घेतली.

तिच्या सासूबाई, त्याच ठसठशीत कुंकवाच्या बाई, वसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"मुराळी म्हणून बाई आली? गडीमाणूस न्हाई का तुमच्याकडं?"

"हाय की," मी म्हणाले. "गाडी चालवायला आणलाय."

नवऱ्यानं चहाच्या कपात तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

"पहिली पंचमी झाली तिची माहेरी," सासूबाई म्हणाल्या. "ह्या साली ती इथंच राहील. करीला मॅच हाय."

"म्हणूनच तर आले मी."

"म्हणूनच तर मी पाठवत न्हाई."

असं सरळ बोलणारं माणूस मला आवडतं, पण त्या क्षणी अजिबात आवडलं नाही. मी म्हणाले, "इहीनबाई, करीला लेकी खेळतात. सुना कधी खेळल्या का?"

"काहून? तुमी बी तुमच्या गावच्या सूनच हाव ना? तुमी खेळता तवा कोणाला तकलीफ होत न्हाई."

"मी लेक बी हाय गावची."

"मंग ही बी लेकच हाय माझी."

बारा वर्षं मी लेक आणि सून दोन्ही असल्याचा फायदा घेत आले होते आणि ते मला आजवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. तेवढ्यात नऊ नंबर पाण्याचा तांब्या घेऊन आली. पदर नीट, कपाळभर कुंकू. खाली ठेवायला वाकली तेव्हा साडी जरा वर झाली आणि मला तिची नडगी दिसली. ताजं खरचटलेलं, वर हळद लावलेली. मला रागाच्या जागी असा आनंद झाला, की काय बोलायला आले तेच विसरले. आमच्या गावातून गेलेल्या सगळ्या पोरींमध्ये हिच्याच पायावर अजून खेळाची जखम होती.

मी पिशवीतून जर्सी काढून तिच्या हातात दिली. तिनं त्या वाकड्या नवावरून बोट फिरवलं.

"तूच सांग गं," मी म्हणाले. "तुला काय वाटतं?"

तिनं आधी सासूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मला पंचमीला घरी जायचंय. बाबांयचा गुडघा बघायचाय, झोका खेळायचाय, आईच्या हातची दिंडं खायचीयत. अन् करीला मी दोन्हीकडून खेळते. अर्धा खेळ आत्याबाईच्या बाजूनं, अर्धा अक्काच्या."

नवऱ्याचा कप बशीवर वाजला. सासूबाईंनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, हिशेब केला.

"पहिला अर्धा आमचा," त्या म्हणाल्या.

"कबूल."

परत येताना नवरा म्हणाला, "तिनं पहिल्याच अर्ध्यात समदं उरकून टाकलं तर?"

"तुमी रस्त्याकडं बघा," मी म्हणाले. मलाही तीच भीती होती.

पंचमी छान झाली. नऊ नंबर आमच्या लिंबाच्या झोक्यावर एवढी उंच गेली, की खालच्या बाया ओरडायला लागल्या. करीच्या दिवशी दुपारी आमच्या गायरानावर दोन्ही गावं जमली. पंच म्हणून शाळेचे आताचे गुरुजी होते. अर्धा-अर्धा खेळाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"असा नियम पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"मनाई हाय का पुस्तकात?" सासूबाईंनी विचारलं.

"आता एवढं कुणाच्या डोक्यात येणार, म्हणून मनाईही नाही."

"मंग फुंका शिट्टी."

सातजणींचा खेळ, वीस वीस मिनिटं. खरं सांगते, शिट्टी वाजली तेव्हा माझ्या मनात एक चोर होता. मला वाटत होतं, ती जरा हात राखून खेळेल. फटका थोडा इकडे तिकडे जाईल, आणि ते फक्त तिला आणि मला कळेल. पाचव्या मिनिटाला ती बॉल घेऊन माझ्यासमोर आली. माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि माझ्या डाव्या हाताच्या वीतभर बाहेरून असा गोल मारला, की मी चिखलात आडवी झाले. दहा मिनिटांनी दुसरा. तो तर माझ्या दोन पायांमधून.

आमच्या गावाची तोंडं उतरली. बांधावर खुर्चीत पाय लांब करून बसलेल्या तिच्या वडलांनी मात्र टाळ्या वाजवल्या, मग आजूबाजूला पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. मी चिखल थुंकत उठले. संतापानं अंग पेटलं होतं. आणि त्या संतापाच्या खाली, लाज वाटेल एवढा अभिमान वाटत होता. असा फटका आमच्या संघात कुणी मारला नव्हता, तिनंसुद्धा. ती पहिल्यापेक्षा चांगली झाली होती, आणि ती आमच्याकडून गेल्यावर झाली होती.

मधल्या सुट्टीत ती धावत आमच्याकडे आली. अंगातली जर्सी सासूच्या हातात दिली आणि आमची चढवली. तिच्या सासरची पोरं ओरडत होती, आमची पोरं त्याहून मोठ्यानं ओरडत होती.

"दोन मारलेस की गं माझ्यावर," मी म्हणाले.

"मंग काय करू अक्का? पायात बॉल आला की समोर कोण हाय ते बघायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं ना."

एवढं बोलून तिनं माझ्या गालावरचा चिखल तिच्या बाहीनं पुसला. माझ्या मनातला चोर तिथंच मेला. त्यांच्याकडून खेळताना तिनं हात राखला नव्हता, आता आमच्याकडूनही राखणार नव्हती. यापेक्षा जास्त आमची ती आणखी कशी असणार होती?

दुसरा अर्धा सुरू झाला आणि कळलं, की सासूबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. "तिला धरा! तिघी जणी धरा!" असा बांधावरून त्यांचा आवाज. तिघी जणी नऊ नंबरला चिकटल्या. त्यांना तिनंच शिकवलेलं, त्यामुळे तिचा प्रत्येक झोल त्यांना पाठ. तिला बॉल मिळेना. मग तिनं गंमत केली. ती चालत चालत पार कोपऱ्यात, बाभळीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिघीही तिच्यामागे गेल्या. मधलं रान मोकळं.

आमच्याकडे एक डावखुरी पोरगी आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, पहाटे उठून रस्त्यावर धावते, पोलीस भरतीची तयारी करते. तिनं त्या मोकळ्या रानातून पहिला गोल मारला. औंढ्याला दिलेली आमची जुनी खेळाडू, दोन लेकरांची आई, तिनं गर्दीत कसातरी गुडघ्यानं दुसरा ढकलला. बरोबरी झाली. तिची लेकरं मैदानात पळत आली, गुरुजींना शिट्टी फुंकून त्यांना बाहेर काढावं लागलं.

शेवटच्या दोन मिनिटांत त्यांची एक उंच पोरगी बॉल घेऊन माझ्यावर आली. पाय मागे घेतला, खांदा जरासा पाडला, आणि मला कळून चुकलं. हा फटका मी कितीतरी संध्याकाळी याच गायरानात पाहिला होता. नऊ नंबरचा फटका, दुसरीच्या पायातून निघालेला. पहिल्या अर्ध्यात याच फटक्यानं मला आडवं केलं होतं. मी बॉलची वाट न बघता डावीकडे झेप घेतली. तो बरोबर माझ्या हातात येऊन बसला.

उठल्या उठल्या मी तो कोपऱ्यात, नऊ नंबरकडे फेकला. तिनं तो छातीवर घेतला. तिघी तिच्यावर धावल्या, त्यांची गोलकीपरही पुढे सरकली. ती स्वतः मारणार असं सगळ्यांना वाटलं, मलाही. तिनं बॉल टाचेनं मागे सारला. मागून डावखुरी आली आणि तिनं डाव्या पायानं तो असा हाणला, की बांबूचा गोल वाकला. गुरुजींची शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही.

सगळं गाव मैदानात. तिचे वडील गुडघा विसरून उभे. नवऱ्यानं मला उचलायचा प्रयत्न केला, ते काही त्याला जमलं नाही. मी घागर घ्यायला गेले, तर सासूबाई चपला हातात घेऊन चिखल तुडवत तिथंच येऊन उभ्या. हरलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. त्यांनी डावखुरीकडे बोट केलं.

"ही डावखुरी पोरगी कोणाची व्हो?"

मी ओठ घट्ट मिटले. माणूस एकदा शिकतो. पण माझ्या मागून आवाज आला, "आत्याबाई, लई गुणाची हाय. कष्टाला वाघीण. पहाटे चारला उठते. आपल्या धाकट्यासाठी बघाच. मला तीच जाऊ म्हणून पाहिजे."

मी वळून पाहिलं. आमचीच नऊ नंबर, आमचीच जर्सी घालून, आमचा खेळाडू पळवत होती! माझेच शब्द, माझाच सूर.

"मला विचारा की कोणीतरी," डावखुरी म्हणाली. "मला भरतीला उतरायचंय. रोज पहाटे पळू देईल त्याच घराचा मी विचार करीन."

"पळ की," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या गावचा रस्ता डांबरी हाय."

डावखुरी हसली, म्हणजे तीही गेली असं मी धरून चालले. पण त्या दिवशी मी तोंड फिरवलं नाही. मी घागर उचलली, डोक्यावर ठेवली, आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इहीनबाई, पोरगी व्हय म्हणाली तर न्या. पण पुढच्या पंचमीला ह्या दोघी माहेरी, अन् दोन्ही अर्धे आमचे."

"ते मुराळी म्हणून याल तवा बोलू," त्या म्हणाल्या.

"तवा कशाला? आताच सांगते, मीच येणार हाय," मी म्हणाले. मग आम्ही मारुतीकडे निघालो, पुढे मी आणि घागर, आणि मागे वाकडा नऊ नंबर घातलेली आमची पोरगी, एका हातात वडलांचा हात आणि दुसऱ्या हातात सासूच्या चपला घेऊन.